निळ्या काठाचं थाळं

ओरेस्टने हात पुढे केला होता, पण थाळं त्याच्या हातावरून पलीकडे गेलं.

तसं पाहिलं तर काहीच झालं नव्हतं. चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये दर गुरुवारी दुपारी पेरोगी मिळत. करंजीच्या आकाराचे, बटाटा आणि चीज भरून उकडलेले, वर परतलेला कांदा आणि आंबट साय. खिडकीपलीकडे उभी राहून स्तेफा आजी वाढायची. सगळ्यांना कागदी ताटल्या. फक्त ओरेस्ट बोयचुक आला की ती कमरेवर हात ठेवून वाकायची आणि खालच्या फळीवरून ते निळ्या काठाचं लांबट थाळं काढायची. खरं तर ते लग्नाकार्यात चौघांच्या मध्ये ठेवायचं थाळं. पण ओरेस्ट शहराच्या फुटबॉल संघात आल्यापासून, अकरा हंगाम, ते त्याचं होतं. त्यात पेरोगींचा ढीग, वर सॉसेजचा मोठा तुकडा, आणि 'लायनवाल्याचं पोट, बाई, म्हणजे धान्याचं कोठार' हे ठरलेलं वाक्य. आज तिने थाळं काढलं, भरलं, वाक्यही म्हटलं, आणि ते ओरेस्टच्या मागे उभ्या असलेल्या कीगनच्या हातात दिलं. ओरेस्टचा हात हवेत राहिला. मग त्या हाताने उगाचच डोक्यावरची लोकरीची टोपी सारखी केली.

"काय बघतोस, ओरेस्तिक?" स्तेफा आजी म्हणाली. "तुझं आता वय आहे का एवढं खायचं? ह्या पोराकडे बघ. नुसती हाडं वाजतायत."

एकशे तीस किलोच्या पोराची हाडं! रांगेतले लोक हसले. कीगन लिंडक्विस्ट कानापर्यंत लाल झाला. त्याचं ते लाल होणंही लोकांना आवडायचं.

"दीदो, तू घे ना," तो म्हणाला. "मला एवढं जाणार नाही."

दीदो म्हणजे ह्या चर्चमधल्या लोकांच्या जुन्या भाषेत आजोबा. हा शब्द त्याला इथल्याच बायकांनी शिकवला होता. दीदो छत्तीस वर्षांचा होता.

"खा तू," ओरेस्ट म्हणाला. "रविवारी सुरुवातीपासून उतरायचंय तुला."

"ते कळलंय आम्हाला," आजी म्हणाली. "सकाळी रेडिओवर सांगितलं." आणि तिने ओरेस्टच्या पुढे कागदी ताटली सरकवली. सहा पेरोगी. सॉसेज होतं, पण टोकाचं.

तो कोपऱ्यातल्या टेबलाशी बसला. कागदी ताटली हातात इतकी हलकी लागत होती, की ती दोन्ही हातांनी धरावीशी वाटली. आपण एका म्हातारीच्या थाळ्यावरून मनाला लावून घेतो आहोत हे त्याला दिसत होतं, आणि दिसत होतं म्हणून काही कमी होत नव्हतं. हेवा त्याला नवा नव्हता. ह्या धंद्यात तो हातापायांना जडतोच. चेंडू हातात धरून पळायच्या ह्या फुटबॉलात ओरेस्ट बचावाच्या पुढच्या फळीत मधोमध उभा राहायचा. त्याचं काम असं, की समोरचे दोन धिप्पाड गडी एकदम अंगावर घ्यायचे, चिखलात पाय रोवून त्यांना तिथेच अडकवून ठेवायचं, म्हणजे कडेचा हलका, चपळ खेळाडू मोकळा सुटून त्यांच्या चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला आडवं पाडेल. पाडणाऱ्याचं नाव माईकवर घेतलं जातं, पोरं त्याच्या नावाचे शर्ट घालतात. अडकवणाऱ्याचा खांदा जातो. सुरुवातीची काही वर्षं त्याने कडेच्या खेळाडूंचा मनापासून हेवा केला. मग सीमेपलीकडून येणाऱ्या अमेरिकनांचा, त्यांच्या दातांचा, त्यांच्या घोट्यांचा. पण ते हेवे डासांसारखे होते. खाजवलं की संपलं. कीगनचं तसं नव्हतं. क्लबला मैदानात ठरावीक देशी गडी उतरवावेच लागतात, आणि ह्या फळीत देशी माणसाची जागा एकच होती. ती ओरेस्टची होती. आता एक देशी पोरगा आला होता, तोही वेबर्नचा, गाडीने तासाभरावरचा, जन्मापासून ह्याच संघाच्या हिरव्या रंगात वाढलेला. ओरेस्ट पडला शेजारच्या प्रांतातला, मॅनिटोबाचा. ह्या शहराने त्याला आपलं म्हणायला अकरा हिवाळे घेतले. कीगनला शहराने पहिल्याच सराव-सामन्यात, डोक्यावर संघाच्या हिरव्या रंगासाठी कोरलेली कलिंगडं घालून, उभं राहून आपलं म्हटलं.

आणि पोरगा वाईट असता तर किती सोपं झालं असतं! पण तो सरावाला येताना ओरेस्टसाठी कॉफी आणायचा, दुप्पट साखर, दुप्पट साय, न विचारता. ऑक्टोबरात पहिला मोठा बर्फ पडला त्या सकाळी ओरेस्ट उठला तर अंगणातून खरडण्याचा आवाज येत होता. त्याची बायको डार्सी खिडकीशी कप घेऊन उभी होती. "कीगन आलाय," ती म्हणाली. "म्हणाला, दीदोचा खांदा दुखतो. किती गुणी आहे रे." ओरेस्ट तिच्या मागे जाऊन उभा राहिला. खाली पोरगा एका हाताने फावडं चालवत होता. एका हाताने! डार्सीच्या चेहऱ्यावर जे हसू होतं ते साधंच होतं, भाच्याकडे बघून हसावं तसं, पण ओरेस्टने ते तेव्हापासून मनात ठेवलं होतं आणि वेळ मिळेल तेव्हा काढून बघत होता. "पायरीवर मीठ टाकलं नाही त्याने," तो तेव्हा म्हणाला होता. आणि थोड्या वेळाने खाली गेला तर पायरीवर मीठ होतं.

एकच गोष्ट त्या पोराला येत नव्हती. एक यार्ड.

सीमेपलीकडच्या खेळात बचावाचा गडी चेंडूला नाक लावून बसतो. इथे तसं चालत नाही. इथे चेंडू आणि आपण ह्यांच्यात एक यार्ड मोकळी जमीन सोडायची. चेंडू हलेपर्यंत ती कुणाचीच नसते. आधी तिच्यात घुसलात की पंचाचा नारिंगी रुमाल पडतो आणि समोरच्यांना पाच यार्ड फुकट मिळतात. कीगन लहानपणी असाच खेळला होता, पण मग चार वर्षं नॉर्थ डकोटातल्या कॉलेजात गेला आणि त्याच्या पायांनी तिकडची बोली उचलली. डोकं शांत असलं की तो बरोबर उभा राहायचा. दहा यार्ड पुढे जायला समोरच्यांना तीन खेपा मिळतात; जीव वर आला, त्यातली शेवटची खेप आली, की त्याचा जमिनीवर टेकलेला डावा हात बोट बोट पुढे सरकायला लागायचा, गोगलगाईसारखा. हंगामात चार वेळा रुमाल पडला होता. चारही वेळा ओरेस्ट कडेला बाकावर होता, आणि चारही वेळा त्याच्या पोटात काहीतरी गोड, ऊबदार सांडलं होतं. दारू प्यायल्यावर सांडतं तसं. त्याची त्याला लाज वाटली होती. पण आधी गोड लागलं, मग लाज वाटली, हा क्रम त्याला ठाऊक होता.

मंगळवारी फळीचा कोच टिबोडो त्याच्या शेजारी येऊन बसला होता. अमेरिकेच्या उष्ण दक्षिणेतला, लुइझियानाचा माणूस, वीस हिवाळे काढूनही सप्टेंबरपासून कानटोपीत. "ओ," तो म्हणाला. सगळे कोच त्याला नुसतं 'ओ' म्हणत. "रविवारी पोराला सुरुवात देतोय. तू फक्त तिसऱ्या खेपेला, यार्डा-दीड यार्डाचा मामला असेल तेव्हा. तेव्हा तुम्ही दोघं शेजारी शेजारी."

"बरं."

"बरं काय बरं? शिव्या दे की मला."

"दिल्या मनात."

टिबोडो हसला, मग हसू पुसून म्हणाला, "त्याचा हात सरकतो तुला माहितीये. तू बाजूला आहेस. त्याला सांगत राहा, वेंडेल तुला सांगायचा तसं. वरच्यांना तो आवडतो, पण आणखी एक असा रुमाल पडला, तोही अशा बाद फेरीच्या सामन्यात, तर म्हणतील अजून कच्चा आहे. मग पुढच्या वर्षी पुन्हा तुझ्या दारात यावं लागेल मला." तो हे गमतीत म्हणाला की सहज, कोण जाणे. ओरेस्टच्या कराराचा हा शेवटचा हंगाम होता. एक शब्द बोलायचा किंवा नाही बोलायचा, एवढंच त्याच्या हातात कुणीतरी आणून ठेवलं होतं, आणि गुरुवारी त्या कागदी ताटलीसमोर बसल्यावर त्याला कळलं की मंगळवारपासून आपण तो शब्द मुठीत धरून हिंडतो आहोत.

तो शब्द वेंडेलचा होता. वेंडेल प्रुडोम, नाकाचं हाड तीनदा मोडलेला, देशी जागेवर ओरेस्टच्या आधी उभा राहणारा. पहिल्या वर्षी ओरेस्टही पुढे सरकायचा. सवयीने नाही, भीतीने. वेंडेल प्रत्येक खेपेला चेंडू हलायच्या आधी, ओठ न हलवता, गाईला बोलावं तसं म्हणायचा, "मागे." बास. तो एक शब्द ओरेस्टच्या गुडघ्यात उतरायचा आणि जमीन स्थिर व्हायची. पुढच्या हंगामात वेंडेल नव्हता. लॉरी चालवायला गेला म्हणत, मग त्याचा पत्ताच लागला नाही. त्यानंतर ओरेस्ट स्वतःशीच, शेजारच्याला ऐकू जाईल इतपत, तो शब्द म्हणत राहिला, त्याच हेलात, आणि इतक्या वर्षांत एकदाही त्याच्या नावाचा रुमाल त्या यार्डात पडला नाही. ह्याची कुठे नोंद नसते. न झालेल्या चुकीला टाळी नसते. पण त्याच्यापाशी स्वतःचं म्हणावं असं काही असेल तर ते हेच होतं.

आणि आता त्याला थाळ्याचं आठवलं. त्याला ह्या हॉलमध्ये पहिल्यांदा वेंडेलच घेऊन आला होता. तेव्हा स्तेफा आजीचे केस अजून पिवळे होते. ती वाकली होती, थाळं वर आलं होतं, आणि ते वेंडेलच्या हाताऐवजी ओरेस्टच्या हातात आलं होतं. "आपल्याकडचं पोर दिसतंय," त्याचं आडनाव ऐकून ती म्हणाली होती. वेंडेल हसला होता, कागदी ताटली घेऊन ह्याच टेबलाशी बसला होता. इतकी वर्षं ओरेस्टच्या आठवणीत तो एक दिलदार माणूस हसत होता. आज त्याने ते हसू पुन्हा जवळून पाहिलं. त्यात दात जरा जास्त दिसत होते का? की हे आपलेच दात आपण त्याच्या तोंडात बसवतोय? वेंडेल त्यानंतरही शेवटच्या सामन्यापर्यंत "मागे" म्हणत राहिला होता. प्रत्येक वेळी. कसा म्हणत राहिला असेल? पलीकडच्या टेबलाशी कीगन म्हाताऱ्यांच्या घोळक्यात बसून थाळं संपवत होता, आणि खरंच संपवत होता. ओरेस्टने सहा पेरोगींतले दोन टाकले.

रविवारी उणे चौदा होतं. वारा उत्तरेकडून, सपाट, वाटेत त्याला अडवायला एक झाडही नसलेला. ओरेस्ट बाकावर तापवणीच्या झोताशी उभा राहून पाहत होता. कीगन चांगला खेळत होता. चांगला म्हणजे, जिथे ओरेस्ट दोघांना नुसता अडकवून ठेवायचा तिथे हा दोघांना घेऊन चालत जात होता. लोक त्याच्या नावाने पाय आपटत होते आणि तो थरथराट लोखंडी पायऱ्यांतून बाकात आणि बाकातून ओरेस्टच्या माकडहाडात येत होता. 'गुडघे वर काढतोय,' तो मनात म्हणाला. 'दमणार.' कीगन दमला नाही. चौथ्या डावाच्या शेवटी आपला संघ दोन गुणांनी पुढे होता, घड्याळात मिनिटाच्या आतबाहेरचा वेळ, आणि समोरच्यांची शेवटची, तिसरी खेप. हवं होतं एक यार्ड. तिथून खांबांमधून किक मारून तीन गुण घ्यावेत तर वारा तोंडावर. त्यांना पळूनच जायला हवं होतं. थांबवलं की सामना आपला.

"ओ! जा!" टिबोडो ओरडला.

तो धावत गेला आणि कीगनच्या डाव्या हाताला, हातभर अंतरावर, खाली बसला. हातमोज्यातून गोठलेली जमीन फरशीसारखी लागली. समोर पाच तोंडांतून वाफ. तीस हजार माणसं ओरडत होती, पण खाली वाकलं की तो आवाज पाठीवरून जातो; खाली, गवताजवळ, एक बंद खोली असते. त्या खोलीत फक्त श्वास. शेजारी कीगनचा श्वास वर वर लागला होता. ओरेस्टला न बघता कळलं, आणि मग त्याने बघितलं. लायनमनने चेंडू बघायचा असतो, दुसरं जगात काही बघायचं नसतं. ओरेस्टने मान हलवली नाही, फक्त बुबुळं उजवीकडे नेली. डावा हात. पांढऱ्या चिकटपट्टीत गुंडाळलेली बोटं. ती एक पेर पुढे आली. थांबली. आणखी एक पेर.

शब्द जिभेवर होता. थंडीत लोखंडाला जीभ चिकटावी तसा चिकटला होता. आत्ता म्हण, त्याला वाटलं. आणि त्याच वेळी, ये, आणखी थोडा ये. अंगणात एका हाताने चालणारं फावडं. पायरीवरचं मीठ. ये बाळा. त्या पांढऱ्या बोटांकडे तो अशा प्रेमाने बघत होता, की जन्मात कशाकडे बघितलं नसेल. कीगन थांबला होता. शेजारून काहीतरी येईल म्हणून कान देऊन थांबला होता, हे ओरेस्टला कळत होतं. आलं नाही. आणि मग त्या पोराच्या हेल्मेटच्या जाळीमागून, अगदी हळू, गाईला बोलावं तशा हेलात, आवाज आला, "मागे."

हात झटकन मागे गेला. आणि ओरेस्ट, ज्याचं सगळं शरीर त्या हातावर टांगलेलं होतं, तो हात हलला तसा सुटला. एक पाऊल. मोकळ्या यार्डाच्या मधोमध, एकटा. चेंडू जागेवरच होता. समोरचा गडी त्याच्याकडे नवलाने बघत होता, दारात चुकून भलताच पाहुणा आल्यासारखा.

रुमाल पडला. पंचाने माईकवर शर्टावरचा आकडा उच्चारला, "चौऱ्याण्णव." लोकांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. चौऱ्याण्णव? म्हातारा? पुढचं सगळं नीट, क्रमाने झालं. त्यांना पाच यार्ड मिळाले, पुन्हा तीन खेपा मिळाल्या, आणि शेवटी पुरेसं जवळ आल्यावर त्यांची किक वाऱ्यावर हेलकावत खांबांमधून गेली. हंगाम संपला.

कपडे बदलायच्या खोलीत हेल्मेटं फरशीवर पडत होती. ओरेस्ट घोट्याची पट्टी कापत होता तेव्हा पलीकडे पत्रकारांचा घोळका कीगनभोवती जमला. "ती चूक माझी," कीगनचा आवाज आला. "माझा हात हलला. शेजारचा दचकणारच. ओरेस्ट बोयचुकने अकरा वर्षांत कधी यार्ड चुकवलाय का? माझ्या नावावर लिहा." एकजण म्हणाला, शाबास. कात्री ओरेस्टच्या हातात थांबली. त्याला पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं. मग काही क्षणांनी छातीत जे आलं ते ओळखीचंच होतं, फक्त इतकं नागडं कधी आलं नव्हतं. पोराने चूकही घेतली. जागा घेतली, थाळं घेतलं, वेंडेलचा शब्द घेतला, हेलासकट. आणि आता आयुष्यातली एकुलती एक, खास स्वतःची चूक, तीही हा लाल कानांचा पोरगा सगळ्यांसमोर उचलून घेऊन चालला होता, आणि लोक त्याला शाबास म्हणत होते.

गुरुवारी तो हॉलमध्ये गेला. जायचं नव्हतं, पाय गेले. कीगन रांगेत पुढेच होता, घरी वेबर्नला जायच्या आधी निरोप घ्यायला आलेला. त्याच्या हातात कागदी ताटली होती. ओरेस्ट खिडकीशी पोचला तशी स्तेफा आजी कमरेवर हात ठेवून वाकली, आणि निळ्या काठाचं थाळं वर आलं.

"घे बाळा," ती म्हणाली. "हलावं त्या पोराने आणि नाव तुझं घ्यावं माईकवर! खरं बोलला म्हणून सोडलंय मी त्याला. पण थाळं बंद."

कीगन ओशाळून हसला.

"आजी, तो हलला नाही," ओरेस्ट म्हणाला. आवाज वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "हात मागे घेतला त्याने. बरोबर केलं. मीच गेलो. माझं चेंडूकडे लक्ष नव्हतं."

"हो का? मग कुठे होतं?"

"त्याच्या हाताकडे."

आजीचा डाव थाळ्यावर थांबला. तिने ओरेस्टकडे बघितलं, मग रांगेकडे. "ऐकलंत?" ती म्हणाली. "पोराला वाचवायला बघतोय. असा माणूस आहे हा." आणि तिने सॉसेजचा आणखी एक तुकडा वर ठेवला. मागून कुणीतरी त्याच्या पाठीवर थोपटलं. खरं सांगायला तो आला नव्हता. आपली चूक परत मागायला आला होता. तीही मिळाली नाही.

तो थाळं घेऊन वळला. कीगन त्याच्याबरोबर चालू लागला आणि खाली बघून, फक्त त्यालाच ऐकू येईल असं म्हणाला, "मला दिसलं होतं, दीदो. तू बघत होतास ते."

"मग तसं का सांगितलंस?"

"कोच म्हणतात, नव्याने चूक केली की त्याला शिकवतात, आणि जुन्याने केली की त्याला काढतात." त्याने खांदे उडवले. "मला काय, मला शिकवतील."

थाळं जड होतं. इतकं जड ते कधीच नव्हतं, की आजवर खांद्यात बळ होतं म्हणून जाणवलं नव्हतं, कोण जाणे. थाळं उजवीकडे कललं; कडेचा कांदा घसरून निळ्या काठावर आला, साय हलली. टेबल अजून चार पावलांवर होतं. कीगनला ते दिसलं. त्याला सगळंच दिसायचं. त्याने आपली ताटली एका हातात घेतली आणि दुसरा, डावा, हात थाळ्याखाली घातला. बोटांवर चिकटपट्टीचा पांढरा गोंद अजून होता.

"मागे," ओरेस्ट म्हणाला.

रविवारी न फुटलेला शब्द आता काही न करता फुटला, दातांतून, कडवट; पण हेल तोच होता, त्याला दुसरा हेल येतच नव्हता. आणि कीगनने तो ऐकला मात्र, एकदम हात काढला आणि एक पाऊल मागे झाला. बरोबर एक यार्ड. तिथे तो उभा राहिला, हात बाजूला सोडून, लाल कानांनी, इतका खूश, की जणू रविवारपासून तो ह्याचीच वाट बघत होता.